१००५ दिवसांनी परत चीनला: तिथे एमबीबीएस करताना कोविडमुळे अडकले त्याचा अनुभव

१२ जानेवारी २०२५ ला एफएमजीई दिली, म्हणजे परदेशातून एमबीबीएस केलेल्यांना भारतात द्यावी लागते ती परीक्षा, पास झाले, आणि आता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनची फाइल लावतेय. त्या फाइलसाठी २०१८ पासूनचा एकेक कागद बाहेर काढावा लागला, पलंगभर कागद पसरले आणि बघता बघता सगळं पुन्हा डोळ्यांसमोर उभं राहिलं. २०२० ते २०२२ मध्ये मी रात्र रात्र नेटवर शोधत बसायचे, आपल्यासारखं कुणी आहे का, परत कसं जायचं, व्हिसाला काय लागतं. मराठीत तर काहीच सापडायचं नाही, सापडायचे ते एजंट लोकांचे व्हिडिओ. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

मी बार्शीची, सोलापूर जिल्हा. बाबांचं खत-बियाण्यांचं दुकान. २०१८ ला नीट क्वालिफाय झाले पण सरकारी कॉलेजला नंबर लागेल एवढे मार्क नव्हते आणि प्रायव्हेटची फी झेपणारी नव्हती. मग चीनमधल्या ज्यांग्सू प्रांतातल्या एका युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतलं, शिकवणं इंग्रजीतून, पाच वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, फी वर्षाला ३०,००० युआन. थोडं बँकेचं एज्युकेशन लोन, थोडं आईच्या दागिन्यांवर. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीच्या गोष्टी येतील आणि मला कुणाला बदनाम करायचं नाहीये.

तिसरं सेमिस्टर संपवून १८ जानेवारी २०२० ला हिवाळ्याच्या सुट्टीसाठी मुंबईला उतरले. चीनहून येणाऱ्यांचं तापमान तपासायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती, एक मशीन होतं, दोन मिनिटांत बाहेर. २५ फेब्रुवारीचं रिटर्न तिकीट हातात होतं त्यामुळे एकच ट्रॉली बॅग आणली होती. राइस कुकर, जाड जॅकेटं, पुस्तकं, आईने दिलेली लोणच्याची बरणी, सगळं रूमवर.

२३ जानेवारीला वूहान बंद झालं. आमचं शहर तिथून शेकडो किलोमीटर लांब, पण बार्शीत हे कोण ऐकणार. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एअर इंडियाच्या विमानांनी वूहानमधून मुलांना आणलं ते टीव्हीवर दिवसभर चालू होतं आणि आमच्या घरी आरोग्य विभागातून रोज फोन, ताप आहे का, खोकला आहे का, असं २८ दिवस. ते बिचारे त्यांचं काम करत होते, नीट बोलायचे. पण गल्लीतल्या बायकांनी आईकडे यायचं बंद केलं, दुकानात एका गिऱ्हाइकाने बाबांना सुट्टे पैसे काउंटरवर ठेवायला लावले, हातात घेतले नाहीत. बाबा घरी काही बोलले नाहीत, मला हे नंतर दुकानातल्या पोऱ्याने सांगितलं.

इथे माझ्या चिनी मैत्रिणीबद्दल सांगायला पाहिजे, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट अर्धीच. पहिल्या वर्षी आम्हाला चिनी भाषेच्या सरावासाठी एकेक स्थानिक विद्यार्थी जोडून दिला होता, मला जी मिळाली तिला मी च्येच्ये म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे ताई म्हणतो तसं. ती २०१९ ला मास्टर्स करायला मेलबर्नला गेली आणि जानेवारी २०२० मध्ये ती पण नववर्षासाठी घरी आलेली. १ फेब्रुवारीपासून ऑस्ट्रेलियाने चीनमधून थेट येणाऱ्यांना बंदी केली. मग तिच्यासारखी बरीच मुलं आधी थायलंडला जाऊन १४ दिवस राहायची आणि तिथून ऑस्ट्रेलियात शिरायची. ती बँकॉकच्या एका हॉटेलात, मी बार्शीच्या माडीवर, दोघी आपापल्या युनिव्हर्सिटीच्या दारात पोचायला बघत होतो. ती फेब्रुवारीअखेर कशीबशी पोचली. माझं तिकीट रद्द झालं. आणि २८ मार्चपासून चीनने परदेशी लोकांना प्रवेशच बंद केला, पासपोर्टवर वैध रेसिडन्स परमिट, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, असलं तरी.

तेव्हा आम्हाला वाटलं दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे.

ऑनलाइन क्लास सुरू झाले. चीन आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे त्यांचा सकाळचा आठचा तास आमच्याकडे साडेपाचला. आई पाचला चहा ठेवायची, मी माडीवरच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे कारण रेंज फक्त तिथे. पॅथॉलॉजीचे सर मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून स्लाइड दाखवायचे, माझ्याकडे ते चित्र चौकटी-चौकटींचं दिसायचं, गुलाबी-जांभळा गोळा, त्यात पेशी कुठे आणि केंद्रक कुठे काही कळायचं नाही. मग मी सोलापूरला एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विनंती केली, त्यांनी महिन्यातून दोन शनिवार त्यांच्या लॅबमध्ये बसू दिलं, एक पैसा घेतला नाही. त्याचा कागदोपत्री उपयोग शून्य होता पण मला स्लाइड बघता यायला लागली ती त्यांच्यामुळे. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर गावातल्या डॉक्टरांना भीड न ठेवता विचारा.

जूनमध्ये गलवान झालं आणि २९ जूनला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात वीचॅट होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिनी युनिव्हर्सिटीत सगळं वीचॅटवर चालतं, टाइमटेबल, हजेरी, परीक्षेच्या सूचना, फीची पावती, टीचरशी बोलणं. काही आठवड्यांत आमची अकाउंटं चालेनाशी झाली. देशाचा निर्णय होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण आमची नाळच तुटली. मग ढाक्याच्या एका वर्गमित्राने वीचॅटच्या ग्रुपवरचा एकेक मेसेज कॉपी करून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, ती त्याने दोन वर्षं एकही दिवस न चुकवता केली. नोव्हेंबरमध्ये आणखी ४३ ॲप बंद झाली त्यात डिंगटॉक गेलं, ज्यावर आमचे निम्मे क्लास व्हायचे. परत टीचरना मेल, परत नवीन लिंक. माझी हजेरी एका सेमिस्टरला ६२ टक्के लागली, ॲप उघडत नव्हतं म्हणून. ती दुरुस्त करायला मला ११ मेल करावे लागले आणि ती झाली फक्त एवढ्यासाठी की मी प्रत्येक तासाला तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवत होते. तो फोल्डर अजून आहे माझ्याकडे, जवळजवळ चार जीबीचा.

फी मात्र पूर्ण. हॉस्टेलची माफ केली पण ट्यूशन फी पूर्ण ३०,००० युआन, दोन्ही वर्षं. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी बाबांना विचारलं, आत्ता चीनला पैसे पाठवताय? बाबा म्हणाले, साहेब, पोरीची तीन सेमिस्टर झालीत तिथं, ती कुठं टाकू? साहेब गप्प बसले आणि फॉर्म घेतला.

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीहून वूहानला गेलेल्या विमानात १९ जण पॉझिटिव्ह निघाले आणि नोव्हेंबरमध्ये चीनने भारतातून येणाऱ्यांसाठी दार पुन्हा घट्ट लावलं. मार्च २०२१ मध्ये बातमी आली की चिनी लस घेतलेल्यांना व्हिसात सवलत, पण ती लस भारतात मिळतच नव्हती, मी कोव्हिशील्ड घेतली. २०२१ चं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष. एप्रिलमध्ये मोठे काका गेले, बेड शोधता शोधता. घरात एक मुलगी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आणि तिला ऑक्सिजनचा मास्क प्रत्यक्ष हातात धरून बघायला मिळाला तो काकांच्या तोंडावर लावताना. त्याच्यानंतर मी दोन महिने क्लासला नुसतं लॉगिन करायचे. झोप नाही, जेवण नाही. शेवटी आई मला सोलापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली, ६०० रुपये फी, सहा वेळा गेले, दोन महिने गोळ्या. हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलांचं असंच झालं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. परीक्षा असती तर अभ्यास केला असता, आजार असता तर औषध घेतलं असतं, पण किती दिवस थांबायचं हेच कुणी सांगत नव्हतं, ते माणसाला आतून पोखरतं.

च्येच्येशी ईमेलवर बोलणं चालू होतं. मेलबर्नचा २०२० चा मोठा लॉकडाउन तिने एका खोलीत काढला, पार्टटाइम काम गेलेलं, ट्राममध्ये मास्क लावला म्हणून एक माणूस तिच्यावर ओरडला, तुमच्यामुळे आलं हे सगळं म्हणून. २०२१ ला डिग्री झाली पण तिला आता स्वतःच्या देशात जाता येईना. चीनने मार्च २०२० पासून एका विमान कंपनीला एका देशातून आठवड्याला एकच फ्लाइट असा नियम लावलेला, तिकिटं कित्येक पटींनी महाग, आणि विमानात पॉझिटिव्ह प्रवासी जास्त निघाले की तो मार्गच काही आठवडे बंद. तिची दोन तिकिटं रद्द झाली. तिसऱ्यांदा पोचली तेव्हा आधी रक्ताची आणि नाकाची अशी दोन्ही तपासणी, मग १४ दिवस हॉटेलात क्वारंटाइन आणि वर आणखी सात दिवस. तिने मला लिहिलं होतं की बाहेर मला चिनी म्हणून नको म्हणतात आणि घरचे लोक नेटवर लिहितात की हे परदेशातून विषाणू घेऊन येतायत. मला बार्शीची गल्ली आठवली. तिने पाठवलेली सामानाची आणि कागदांची यादीच मला पुढे उपयोगी पडली.

८ फेब्रुवारी २०२२ ला एनएमसीने, म्हणजे आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनने, नोटीस काढली की चीनच्या युनिव्हर्सिट्यांबाबत सावध राहा, फक्त ऑनलाइन केलेलं शिक्षण मान्य होणार नाही. नियम म्हणून ते बरोबरच आहे, पेशंटला हात न लावता डॉक्टर होऊ नये, मलाही तसं व्हायचं नव्हतं. पण आम्ही हौसेने घरी बसलो नव्हतो. त्या दिवशी एका एजंटचा फोन आला, तीन लाख भरा, मध्य आशियातल्या एका कॉलेजात ट्रान्स्फर करून देतो, सगळे क्रेडिट धरतील. बाबा द्यायला तयार होते. मी एवढंच म्हटलं की लेखी द्या, कुठल्या नियमाने ते. लेखी कधीच आलं नाही. एनएमसीच्या साइटवरच्या नोटिसा स्वतः वाचा, पीडीएफ डाउनलोड करून ठेवा, कुणाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.

एप्रिलअखेर बीजिंगच्या भारतीय दूतावासाने गूगल फॉर्म काढला, परत जायचंय त्यांनी ८ मेपर्यंत माहिती भरा. भरला. मग जून, जुलै, काही नाही. २२ ऑगस्ट २०२२ ला संध्याकाळी ढाक्यावाल्याचा मेसेज, दिल्लीच्या चिनी दूतावासाची लिंक, २४ तारखेपासून विद्यार्थ्यांचे व्हिसा सुरू. मी आईला हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना.

आता कागदांचं. माझं रेसिडन्स परमिट २०२० मध्येच संपलेलं त्यामुळे नवीन एक्स-१, म्हणजे लांब मुदतीच्या शिक्षणाचा व्हिसा लागणार होता. त्यासाठी मुख्य कागद म्हणजे युनिव्हर्सिटीचं कॅम्पसवर परत येण्याचं सर्टिफिकेट. ते मिळायला १८ दिवस गेले कारण त्यावर युनिव्हर्सिटीबरोबर स्थानिक प्रशासनाची पण परवानगी लागायची, आणि पहिलं आलं त्यात माझ्या पासपोर्ट नंबरमधला एक आकडा चुकलेला, परत पाच दिवस. आल्या आल्या अक्षर-अक्षर तपासा. बाकी ऑनलाइन फॉर्मची प्रिंट, जुन्या व्हिसाची आणि परमिटची झेरॉक्स, ॲडमिशन लेटर, आणि ३३ बाय ४८ मिलिमीटरचा फोटो, पांढरा बॅकग्राउंड, कान दिसले पाहिजेत. आमच्या फोटोवाल्याने पासपोर्ट साइज कापून दिला म्हणून पहिल्या दिवशी माझा अर्ज घेतलाच नाही. १८ सप्टेंबरला रात्री कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून बाबा आणि मी मुंबईला, १९ ला अर्ज परत, फोटो काढून घेतला, २० ला जमा. जेवणखाण, लॉज, व्हिसा फी, सर्व्हिस चार्ज सगळं धरून साधारण १४ हजार गेले. आठवड्याने व्हिसा हातात.

थेट विमान नव्हतंच. दुबईवरून ग्वांगचौ, एका बाजूचं तिकीट १ लाख ३८ हजार. विमानाच्या आधी ४८ तासांच्या आत दोन आरटीपीसीआर, रिपोर्ट चिनी दूतावासाच्या साइटवर चढवायचे आणि हिरवा कोड आला तरच बोर्डिंग. दुसरा रिपोर्ट रात्री दीडला आला आणि कोड पहाटे साडेचारला. ते तीन तास मी आणि बाबा मुंबईत लॉजच्या कॉटवर फोन मध्ये ठेवून बसलो होतो, दोघंही एक शब्द न बोलता. पॉझिटिव्ह आले असते तर तिकिटाचा एक रुपया परत मिळणार नव्हता. कोड हिरवा झाल्यावर बाबांनी फोनला नमस्कार केला.

१९ ऑक्टोबर २०२२ ला ग्वांगचौला उतरले. पांढऱ्या पीपीईमधले लोक, चिनी मुलं त्यांना ता-बाय म्हणतात म्हणजे मोठे पांढरे, घशात आणि नाकात काडी, बसमध्ये सीटला प्लास्टिक, आणि थेट हॉटेल. तेव्हा क्वारंटाइनचा सात दिवस हॉटेलात आणि तीन दिवस घरी असा नियम होता, बाहेरगावच्यांनी दहाही दिवस हॉटेलातच काढायचे. दिवसाला ३८० युआन जेवण धरून, म्हणजे दहा दिवसांचे साधारण ४३ हजार रुपये. कोणतं हॉटेल ते आपल्या हातात नसतं. मी शाकाहारी, वो छ्र सू असं कागदावर चिनीत लिहून दाराला चिकटवलं तरी तीन दिवस भातात मांसाचे तुकडे. खोलीत फक्त पाणी तापवायची किटली होती. आईने दिलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पोह्यांचं पीठ ह्यावर निघाले दिवस.

आणि एक गोष्ट जी कुणीच सांगितली नव्हती. माझा जुना चिनी मोबाइल नंबर अडीच वर्षं रिचार्ज नसल्याने दुसऱ्या कुणाला गेला होता. नंबर नाही म्हणजे पेमेंट ॲप नाही, बँकेचं कार्ड लॉक, आणि हेल्थ कोड, म्हणजे कोविड नाही हे दाखवणारा फोनवरचा कोड, तो पण त्या नंबरवर. हॉटेलातून सुटले तेव्हा हेल्थ कोडशिवाय स्टेशनमध्ये शिरता येईना. स्टेशनबाहेर दीड तास उभी होते. च्येच्येने तिकडून फोनवर त्या गार्डशी बोलून मला पासपोर्टवर आत सोडायला लावलं आणि रेल्वेचं तिकीट पण तिनेच काढलेलं. तुम्ही परदेशात शिकत असाल आणि सुट्टीला घरी आलात तर तिकडच्या सिमचा कमीत कमी रिचार्ज चालू ठेवा, कितीही दिवस लागले तरी.

हॉस्टेलच्या खोल्या मधल्या काळात रिकाम्या केलेल्या, सामान खोक्यांत भरून तळघरात. माझ्या खोक्यावर माझं चिनी नाव, चिकटपट्टी सुकून पिवळी पडलेली. जॅकेटला बुरशी, पुस्तकं ओल खाऊन फुगलेली. लोणच्याची बरणी कुणीतरी वर्तमानपत्रात नीट गुंडाळून राइस कुकरच्या आत ठेवली होती, फुटू नये म्हणून. ज्या सफाईच्या मावशींनी ते केलं त्यांना मी शोधलं, त्या काम सोडून गावी गेल्या होत्या.

नंतरचं भरभर झालं. डिसेंबरच्या ७ तारखेला चीनने बहुतेक निर्बंध उठवले, दोन आठवड्यांत अख्खं हॉस्टेल तापाने फणफणलं, मेडिकलमध्ये साधी तापाची गोळी मिळेना, मी आणलेल्या पॅरासिटामॉलच्या चार पट्ट्या आम्ही १९ जणांनी वाटून घेतल्या. २०२३ मध्ये सुट्ट्यांत तिथेच थांबून, राहिलेली प्रॅक्टिकल आणि वॉर्डची कामं केली. चिनी बोलणं पार गेलेलं, वॉर्डात पहिल्या दिवशी एका आजोबांना दुखतंय कुठे एवढंच विचारायला मला तीन वेळा लागले. आजोबांनी माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला, इथे. पाच सेमिस्टर जे मी स्क्रीनवर बघितलं होतं ते त्या हाताखाली होतं, टणक, उजव्या बरगडीच्या खाली. बाहेर येऊन मी जिन्यात रडले.

जुलै २०२३ ते जून २०२४ इंटर्नशिप तिथेच केली. ऑनलाइन तासांची प्रत्यक्ष भरपाई केल्याचं सर्टिफिकेट युनिव्हर्सिटीकडून तारखा आणि विभाग लिहून घ्या, नुसतं एका ओळीचं घेऊ नका. त्यावरून २०२४ च्या जूनमध्ये एनएमसीच्या एकामागोमाग नोटिसा निघाल्या आणि ज्यांच्याकडे तपशील नव्हता त्यांची फार धावपळ झाली. डिग्री, मार्कशीट आणि इंटर्नशिप सर्टिफिकेटवर भारतीय दूतावासाचं अटेस्टेशन तिथे असतानाच करून घ्या, परत आल्यावर कुरिअरने करायला गेलेल्या मैत्रिणीचे तीन महिने गेले.

आता कौन्सिलची फाइल. काल रात्री बाबा आणि मी यादी लावत होतो, बाबा एकेक कागद वाचून दाखवायचे आणि मी टिक करायचे. व्हिसाच्या वेळी मुंबईत नाकारलेले ते पासपोर्ट साइजचे फोटो पण निघाले, आठातले सहा. बाबा म्हणाले राहू दे, कौन्सिलला हाच साइज लागतो. चिकटवले. सोमवारी मुंबईला जाऊन जमा करायचीय, सिद्धेश्वरचं तिकीट वेटिंग १२ आहे.